‘आपल्याकडे कुठे असते थंडी?’

विजेच्या गाड्यांवरून वाद सुरू झाला की थंडीचा मुद्दा हटकून निघतो. एक जण म्हणतो, थंडी पडली की या गाड्या बसतात, चार्जच होत नाहीत, अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले नाहीत का? दुसरा म्हणतो, ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठे असते थंडी? पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे. मला जास्त खटकतो तो दुसरा. तो गाडीच्या बाजूनं बोलतो, बऱ्याचदा शोरूममध्ये उभा राहून बोलतो, आणि त्याच्या या एका वाक्यानं ग्राहकाला मिळायला हवी ती माहिती आणि गाडीत असायला हवी ती सोय, दोन्ही परस्पर निकालात निघतात.

आधी पहिल्याचं पाहू. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा शून्याच्या खूप खाली गेला आणि टेस्लाच्या चार्जरांपुढे रांगा लागल्या. काही गाड्या रांगेतच संपल्या, ओढून न्याव्या लागल्या. हे घडलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि नॉर्वेचा हिवाळा काही शिकागोपेक्षा प्रेमळ नाही. शिकागोत गारठलेली बॅटरी घेऊन लोक थेट फास्ट चार्जरवर आले. प्रत्येकाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. त्यात काही चार्जर बंद होते. रांग वाढत गेली आणि रांगेत उभ्या गाड्यांचे हीटर उरलीसुरली बॅटरी खात राहिले. नॉर्वेत बहुतेकांच्या घरी चार्जिंग आहे, आणि फास्ट चार्जरवर जाण्याआधी बॅटरी गरम करून घ्यायची असते हे तिथल्या चालकाला ठाऊक आहे. थंडी दोन्हीकडे होती, तयारी एकीकडेच होती.

आणि थंडीला नमतं ते फक्त विजेचं वाहन, हेही खरं नाही. लडाखच्या हिवाळ्यात साधं डिझेल गोठतं. म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल तिथे आणलं. डिझेल गोठतं म्हणून डिझेलची गाडी भारताच्या कामाची नाही, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. अडचण ओळखली, तिच्यावर इलाज केला, विषय संपला. विजेच्या गाड्यांच्या बाबतीतही माझं मागणं एवढंच आहे. पण त्यासाठी अडचण आहे हे आधी कबूल करावं लागतं, आणि इथेच आपला दुसरा गडी आडवा येतो.

‘आपल्याकडे कुठे असते थंडी’ हे त्यानं निफाडच्या द्राक्षबागायतदाराला सांगून पाहावं. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. घडांचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात. पुण्यात हिवाळ्यातल्या कित्येक सकाळी आठ-दहा अंशांच्या असतात. नागपूर, गोंदियाकडेही तेच. महाराष्ट्राबाहेर पाहिलं तर दिल्लीची जानेवारी आहे, पंजाब-हरियाणातलं धुकं आहे, श्रीनगर आणि लेह आहे. या सगळ्या ठिकाणी तीच गाडी, त्याच माहितीपत्रकासह विकली जाते.

पण खरा मुद्दा हवामान खात्याच्या आकड्यांचा नाहीच. थंडी कशाला म्हणायचं हे आपल्या अंगावरच्या स्वेटरवरून ठरवता येत नाही, ते बॅटरीला विचारावं लागतं. आपल्याला बारा-तेरा अंशांची सकाळ गुलाबी वाटते. लिथियम बॅटरी फास्ट चार्जिंग पूर्ण वेगानं घेते ती साधारण पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान. पंधराच्या खाली ती हात आखडता घेऊ लागते, दहाच्या आसपास वेग चांगलाच उतरतो, आणि शून्याखाली बहुतेक सेल जवळजवळ दारच लावून घेतात. बर्फ पडायची वाट पाहावी लागत नाही. पुण्या-नाशिकची नोव्हेंबरअखेर पुरते.

असं का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. चार्जिंग म्हणजे लिथियमचे आयन एका टोकाकडून निघून, मधल्या द्रावातून प्रवास करून, पलीकडच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसणं. दादरला गर्दीच्या वेळी गाडीतून उतरलेली माणसं जिन्यानं वर जातात तसं हे चालतं. फलाटावर किती गाड्या आणायच्या हे चार्जरच्या करंटवर ठरतं, जिना म्हणजे ग्रॅफाइटची दारं. गारठ्यात जिना चढणारे पाय मंदावतात. तरीही गाड्या त्याच वेगानं येत राहिल्या, तर माणसं वर न जाता फलाटावरच साचतात. बॅटरीत असं साचलेलं लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात जमतं. त्यातलं काही नंतर पुन्हा विरघळतं, बरंच कायमचं निकामी होतं, आणि तितकी बॅटरीची क्षमता उणावते. हा थर काट्यांसारखा वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. ग्रॅफाइट भरत आलं की त्याची विद्युतपातळी धातुरूप लिथियमपासून जेमतेम ०.१ व्होल्टवर असते. एवढ्याशा अंतरावर सगळा खेळ चाललेला असतो, आणि थंडी तेच अंतर खाऊन टाकते.

म्हणून गाडीतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, करंट कमी करते. ती बरोबरच करते. चार्जर किती देणार हे चार्जर ठरवत नाही. दर क्षणाला गाडी मागते आणि तो तेवढंच देतो. ही साधी गोष्ट आपल्याकडे कुणी ग्राहकाला सांगत नाही, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच होते.

डिसेंबरात नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका चार्जरवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. सकाळचे साडेसहा, हवेत धुकं. एका टॅक्सीवाल्यानं रात्री गाडी उघड्यावरच लावून गाडीतच झोप काढली होती, आता गन लावून तो स्क्रीनसमोर उभा होता. साठ किलोवॅटचं मशीन, स्क्रीनवर आकडा एकवीस. “काल संध्याकाळी ह्याच मशीनवर पस्तीस मिनिटांत झाली होती,” तो म्हणाला, “मशीन बोगस आहे.” त्यानं गन काढून पुन्हा लावली. पुन्हा एकवीस. मग हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलीनं ‘रीसेट करून बघते’ म्हटलं. अर्ध्या तासानं आकडा तीसवर आला, तेव्हा तो समाधानानं म्हणाला, “बघा, बोंबललं की हलतात.” कुणी काही हलवलं नव्हतं. करंट आत जाताना सेलमध्ये जी उष्णता होते तिनंच बॅटरी हळूहळू तापली होती आणि गाडी आपणहून जास्त मागू लागली होती. पण त्याला हे कळायला मार्गच नव्हता. त्याच्या समोरच्या डॅशबोर्डवर बॅटरीचे टक्के होते, किती किलोमीटर जाईल ते होतं, गाण्यांची यादी होती, केबिनचं तापमान होतं. बॅटरीचं तापमान नव्हतं. विमानतळाची एक फेरी त्या सकाळी त्याच्या हातची गेली.

चाळीस युनिटांची बॅटरी वीसवरून ऐंशी टक्क्यांवर न्यायची म्हणजे चोवीस युनिटं भरायची. सरासरी पंचेचाळीस किलोवॅटनं भरली तर बत्तीस मिनिटं. विसानं भरली तर बहात्तर. घरच्या पार्किंगमध्ये रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही, कारण घरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर इतका सावकाश भरतो की दहा-बारा अंशांतही बॅटरीची तक्रार नसते. ज्याला घरी चार्जिंग नाही, ज्याचं पोट फेऱ्यांवर आहे, जो पहाटेच सार्वजनिक चार्जरवर येतो, त्याला ही चाळीस मिनिटं खिशातून द्यावी लागतात. ‘आपल्याकडे थंडी नसते’ हे वाक्य ज्यांच्या घरी चार्जर आहे त्यांच्या तोंडचं आहे.

आता या बाजूनं येणारे बाकीचे युक्तिवाद घेतो. ‘गाडी चालवली की बॅटरी आपोआप तापते’, हा सगळ्यांत लाडका. तापते, पण किती? साडेतीनशे व्होल्टची बॅटरी महामार्गावर पन्नासेक अँपिअर देत असताना तिच्या आतल्या रोधामुळे होणारी उष्णता साधारण पाव किलोवॅट असते. दोनशे किलो सेल त्यावर तासाभरात चार-पाच अंश तापतील, तेही खालून लागणारा गार वारा धरला नाही तर. इंजिनाच्या गाडीत इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, म्हणून दहा मिनिटांत बॉनेट शेकायला लागतं. विजेची गाडी ऊर्जा वाया घालवत नाही, हेच तिचं मोठेपण, आणि म्हणूनच ती चालता चालता पुरेशी तापत नाही. रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी सकाळी तासभर पळवून चार्जरवर आणली तरी बॅटरी गारच असते.

दुसरा युक्तिवाद खर्चाचा. बॅटरी गरम करायची म्हणजे वीज जाणार, पल्ला घटणार. हिशेब करा. दोनशे किलो सेल पंधरा अंशांनी तापवायला एक युनिटही लागत नाही. वाटेतली गळती धरली तर एक-सव्वा युनिट म्हणा. म्हणजे सहा-आठ किलोमीटरचा पल्ला. पाच किलोवॅटचा हीटर हे काम पंधरा मिनिटांत करतो, तेही चार्जरकडे जाता जाता. त्या बदल्यात चार्जरवरचा अर्धा तास वाचतो आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांचाही वाचतो. हा सौदा ग्राहकाला महाग वाटेल की नाही, हे ग्राहकाला ठरवू द्या. बटण दिलंत तर तो ठरवेल.

तिसरा युक्तिवाद ऐकायला शहाणा वाटतो: आपली खरी अडचण थंडी नाही, उन्हाळा आहे. उन्हाळा अडचणीचा आहेच. चाळिशीपलीकडच्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि तापलेल्या बॅटरीवरही बीएमएस करंट कापतेच. निसानच्या लीफमध्ये द्रवरूप कूलंटची सोय नव्हती, आणि २०१८ मध्ये युरोपात लोकांनी लांबच्या प्रवासात लागोपाठ दुसरं-तिसरं फास्ट चार्जिंग केलं तेव्हा ती किती मंदावते यावरून बराच गदारोळ झाला. पण यातून निघतं ते इतकंच, की बॅटरीचं तापमान दोन्ही बाजूंनी सांभाळावं लागतं. ज्या कूलंटच्या नळ्या उन्हाळ्यात सेलची उष्णता बाहेर नेतात, त्याच नळ्यांतून हिवाळ्यात उष्णता आत नेता येते. नवं लागतं ते एक हीटर, एखादा व्हॉल्व्ह आणि सॉफ्टवेअर. उन्हाळा मोठा आहे म्हणून हिवाळ्याची सोय नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि ही काही कालपरवाची विद्या नाही. टेस्लानं मार्च २०१९ मध्ये सॉफ्टवेअर बदलून अशी व्यवस्था केली, की नकाशावर चार्जरचं ठिकाण टाकलं की गाडी वाटेतच बॅटरी तापवू लागते. त्यामुळे चार्जिंगचा सरासरी वेळ पंचवीस टक्क्यांनी घटतो, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात चाओ-यांग वांग यांच्या गटानं २०१६ मध्ये सेलच्या आतच निकेलची पातळ पट्टी घालून गारठलेला सेल काही सेकंदांत तापवून दाखवला. २०१९ मध्ये त्याच गटानं त्याहून पुढचं मांडलं: सेल साठ अंशांपर्यंत तापवा, दहा मिनिटांत झटपट भरा आणि लगेच थंड होऊ द्या. गरम असताना भरलं तर लिथियम साचत नाही, आणि वेळ थोडाच असल्यानं उष्णतेची झळही फार बसत नाही. आधी तापव, मग भर, ही दिशा संशोधकांना आणि चांगल्या कंपन्यांना कधीच पटलेली आहे. ती जर्मनीत विकायच्या गाडीला लागू आणि नागपुरात विकायच्या गाडीला नाही, असं बॅटरीला कुणी सांगितलेलं नाही.

इथे एक अडचण मात्र खास आपली आहे आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. गाडी बॅटरी तापवणार कधी, तर तिच्या स्वतःच्या नकाशात तुम्ही चार्जर निवडलात तर. आपल्याकडे गाडीचा नकाशा वापरतो कोण? सगळे फोनवर रस्ता लावतात आणि चार्जर दुसऱ्याच ॲपमध्ये शोधतात. आपण चार्जरकडे निघालोय, याचा गाडीला पत्ताच नसतो. म्हणून आपल्याला हातानं दाबायचं साधं बटण हवं. बाहेरच्या काही कंपन्यांनी आधी फक्त नकाशावर भिस्त ठेवली आणि ग्राहकांच्या तक्रारींनंतर असं बटण दिलं. आपण त्या तक्रारींपासूनच सुरुवात का करावी?

शेवटचा बचाव म्हणजे ‘तंत्रज्ञान बदलतंय, थोडं थांबा’. बदलतंय हे खरं. चीनच्या सीएटीएलनं ऑगस्ट २०२३ मध्ये शेनशिंग नावाची बॅटरी जाहीर केली. ती लिथियम आयर्न फॉस्फेटचीच आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असते त्याच जातीची. ही जात स्वस्त, टिकाऊ आणि सुरक्षित, पण थंडीत इतरांहून जास्त सुस्त. त्या घोषणेतली एक गोष्ट मला बॅटरीपेक्षाही महत्त्वाची वाटते. कंपनीनं नेहमीच्या तापमानाला दहा मिनिटांत चारशे किलोमीटरची वीज भरते असं सांगितलं, आणि उणे दहा अंशांना शून्य ते ऐंशी टक्क्यांना तीस मिनिटं लागतात असंही सांगितलं. एकाच बॅटरीचे, दोन तापमानांचे, दोन आकडे. दावा कितपत खरा ठरतो ते बाजार पाहील. पण आकड्यासोबत अंश छापता येतात, छापल्यानं विक्री बुडत नाही, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे काय छापतात? ‘१० ते ८० टक्के अमुक मिनिटांत’, आणि बारीक अक्षरांत ‘आदर्श परिस्थितीत’. आदर्श म्हणजे किती अंश? लिहिलेलं नसतं. पूर्वी यानं फारसं बिघडत नव्हतं. तीस किलोवॅटच्या चार्जरवर गार बॅटरी आणि कोमट बॅटरी यांत फार फरक पडत नाही, कारण चार्जरच तोकडा. आता गोष्ट बदलली आहे. महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या गाड्यांसाठी १७५ किलोवॅटच्या चार्जरवर वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत, असा दावा केला. ७९ युनिटांच्या बॅटरीला याचा अर्थ सरासरी १४० किलोवॅटहून जास्त. ही आपल्या वाहन उद्योगाला अभिमान वाटावा अशी झेप आहे. पण कुठल्याही कंपनीची बॅटरी घ्या, वेग जितका वाढतो तितकी तापमानाची अट कडक होत जाते. चार्जर मोठे होतील तसतशी डिसेंबरातली पहाट आणि माहितीपत्रकातला आकडा यांतली दरी रुंदावत जाणार.

‘ग्राहकाला एवढं तांत्रिक दाखवलं तर तो गोंधळेल’, असंही सांगितलं जातं. हा तर सरळ अपमान आहे. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा वर्षानुवर्षं होता. कसारा घाट चढताना काटा ‘एच’कडे सरकला की गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे चौथी शिकलेल्या ड्रायव्हरलाही कुणी शिकवावं लागलं नाही. तोच माणूस बॅटरीचा काटा वाचू शकणार नाही? त्याला एकदा दिसलं की बॅटरी बारा अंशांवर आहे, तर तो चार्जरला शिव्या देणार नाही. दुसऱ्या दिवशीपासून तो सकाळऐवजी आदल्या संध्याकाळी, दिवसभर पळून बॅटरी कोमट असताना गन लावेल. नाशिकच्या रस्त्यावरच्या त्या टॅक्सीवाल्याला आदल्या संध्याकाळी पस्तीस मिनिटं का लागली याचं उत्तर त्याच्याच गाडीत होतं, फक्त त्याला दाखवलं नव्हतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२५ च्या धोरणात विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ केला. चांगलं केलं. जनतेच्या पैशातून सवलत देणाऱ्याला अट घालायचा हक्क असतो, आणि तो वापरायला हवा. सवलत हवी असलेल्या प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकावर चार्जिंगच्या वेळेचे दोन आकडे ठळक छापले जावेत, बॅटरी पंचवीस अंशांवर असतानाचा आणि दहा अंशांवर असतानाचा. डॅशबोर्डवर बॅटरीचं तापमान दिसावं. चार्जिंगआधी बॅटरी तापवायची सोय गाडीत आहे की नाही, आणि असेल तर ती बटणानं चालू होते की नाही, हे त्याच पानावर लिहिलेलं असावं. नियम होईपर्यंत गाडी बुक करायला जाणाऱ्यानं हे तिन्ही प्रश्न विचारावेत आणि उत्तरं लेखी मागावीत.